सोनं अस्सल, 'डी' नंतर बसवलेला: १९११ च्या अडीच डॉलरच्या नाण्याबद्दल आमचं उत्तर

नमस्कार.

तुम्ही आमच्या दुकानाच्या रिव्ह्यूत एक तारा देऊन लिहिलंत की, तुमचं १९११-डी (म्हणजे १९११ साली डेन्व्हरच्या टाकसाळीत पाडलेलं, 'डी' अक्षराचं) हे अडीच डॉलरचं अमेरिकन सोन्याचं नाणं आम्ही 'खोटं' ठरवलं, ३५ डॉलर तपासणी फी घेतली आणि वर फक्त सोन्याच्या भावाने विकत घेण्याची तयारी दाखवली. ओळखीच्या सोनाराने मात्र मशीनवर तपासून आणि कसाला लावून ते खरं असल्याचं सांगितलं होतं.

एक चूक आमची आहे, ती आधी मान्य करतो. एका ओळीची चिठ्ठी देऊन तुम्हाला परत पाठवायला नको होतं. मायक्रोस्कोपमधले फोटो तेव्हाच समोर ठेवायला हवे होते. ते आज ईमेल केले आहेत. आमचं मत मात्र तेच आहे.

सोनाराचं काही चुकलेलं नाही. वजन ४.१८ ग्रॅम, व्यास १८ मिमी, शुद्धता हजारात ९००, सगळं जुळतं. मशीनवर २१.६ कॅरेट दिसलं म्हणून तुम्हाला शंका आली होती, ती सोडून द्या. १८३७ पासून अमेरिकेची चलनातली सोन्याची नाणी ९०० शुद्धतेचीच होती. २२ कॅरेट असते ती आपल्या घरातली गिन्नी. पाण्यात टांगून घनता काढली तरी ती १७.२ च्या आसपासच येईल. (हे घरी करणार असाल तर ०.००१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा हवा. एवढ्याशा नाण्याचं वजन पाण्यात जेमतेम ०.२४ ग्रॅमने घटतं, साध्या काट्यावर तो फरक नीट पकडता येत नाही.)

हे सगळं जुळतं, कारण तुमचं नाणं फिलाडेल्फियाच्या टाकसाळीचं अस्सल १९११ चं नाणं आहे. खोटा आहे तो फक्त 'डी'. त्या वर्षी फिलाडेल्फियात सुमारे ७ लाख ४ हजार नाणी पाडली गेली आणि त्यांच्यावर टाकसाळीचं अक्षर नसतं. डेन्व्हरला फक्त ५५,६८० पडली, म्हणून ती दुर्मिळ, आणि त्यांच्यावर 'डी' असतो. बाकी नाणं तेच, म्हणून लबाडी करणाऱ्याला एक बारीक अक्षर चिकटवलं की काम होतं. कस, वजन, एक्स-रे मशीन, यातलं काहीही ते अक्षर पकडू शकत नाही.

आम्ही काय पाहिलं ते सांगतो. शिल्पकार बेला प्रॅट यांनी घडवलेल्या या नाण्यावर चित्र आणि अक्षरं पृष्ठभागाच्या आत खोल गेलेली असतात. 'डी' मात्र ठशात वेगळा ठोकलेला, म्हणून नाण्यावर तो उठून येतो. गरुडाच्या बाजूला, बाणांच्या टोकांच्या डावीकडे. अस्सल 'डी' छाप पडताना त्याच धातूतून वर आलेला असतो. त्याच्या बुडाशी रेघ नसते, रंग बदलत नाही, आणि नाणं दिव्याखाली फिरवलं की पृष्ठभागावरची चमक अक्षराच्या पायथ्यापर्यंत सलग जाते. तुमच्या नाण्यावर ४० पटीत 'डी'भोवती तीन बाजूंनी काळसर फट दिसते. शिवाय साधारण २ मिमीच्या वर्तुळात चमक मेलेली आहे आणि तिथे एकाच दिशेच्या बारीक रेघा आहेत, म्हणजे जोडकाम लपवायला तो भाग घासला आहे. फोटो क्रमांक ३ पाहा.

अस्सल डेन्व्हर नाण्यांचा 'डी' पुष्कळदा फिका, अर्धवट असतो, आणि उठून असल्यामुळे आधी झिजतो. म्हणून 'डी' पुसट दिसतो एवढ्यावरून आम्ही कधीच नाणं नाकारत नाही. उलट तुमचा 'डी' उंच आणि धारदार आहे, गरुडाचा पंख मात्र बऱ्यापैकी झिजलेला. हे दोन्ही एकाच नाण्यावर जुळत नाही. अस्सल नाण्यांवर चेहऱ्याच्या बाजूला उजव्या काठाशी बहुधा तारेसारखी बारीक उभी कड दिसते, तीही इथे नाही.

'नाणं रसायनात बुडवलं' ही तक्रार: ते शुद्ध ॲसिटोन होतं, पाच मिनिटं, न घासता. सोन्याला किंवा तांब्याला त्याने काही होत नाही, गोंद असेल तर तो सुटतो. 'डी' हलला नाही, म्हणजे तो बहुधा डाख देऊन बसवला आहे. घरी नेलपॉलिश रिमूव्हर मात्र वापरू नका, त्यात तेलं आणि सुगंध मिसळलेले असतात.

भावाबद्दल. या नाण्यात शुद्ध सोनं ३.७६ ग्रॅम आहे. साध्या १९११ नाण्याला सोन्यापेक्षा थोडं जास्त मिळतं, पण घासलेल्या पृष्ठभागाने ते जास्तीचं गेलं, आणि काठावर कसाचा ताजा ओरखडा आहे. जुनं नाणं कसोटीवर घासू नये, एवढं सोनारांनाही सांगा.

तपासणारा आणि विकत घेणारा एकच असेल तर संशय येणारच. तुमचा राग आम्हाला समजतो. म्हणूनच फी ठरावीक आहे, नाणं खरं निघो वा खोटं. आणि दुकानदार चुकतातही. न्यू इंग्लंडमधल्या एका माणसाचं १८५४-एस पाच डॉलरचं नाणं अनेकांनी खोटं म्हणून परत केलं होतं. त्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत अशी फक्त २६८ पाडली होती. २०१८ मध्ये नाणी तपासून दर्जा (ग्रेड) देणाऱ्या एनजीसी या कंपनीने अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडच्या नाण्याच्या फोटोंशी ताडून ते अस्सल ठरवलं.

तेव्हा तुमचं नाणं एनजीसीकडे किंवा तसंच काम करणाऱ्या पीसीजीएसकडे पाठवा. अक्षर बदललेलं आढळलं तर ते नाणं ग्रेड न देता परत पाठवतात आणि त्यांची फी परत मिळत नाही, हे धरून चला. त्यांनी १९११-डी अस्सल म्हणून डबीत बंद करून दिलं, तर आमचे ३५ डॉलर, त्यांची फी आणि टपालाचा खर्च आम्ही देऊ. पाठवण्यापूर्वी पुसू नका, काठाला धरा, आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्याचा हिरवट चिकटा नाण्यावर उतरतो. मायलार या प्लास्टिकची कडक पाकिटं काउंटरवर आहेत, एक घेऊन जा.