एबीएसचा फ्यूज ओढू नका

परवा रात्री साडेदहाला कासारवडवलीहून मावशीचा फोन. "अरे, बॉनेटखालच्या डबीत एबीएसचा फ्यूज कुठला? काढून टाकते." एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा. तिच्या गाडीत आठवडाभर हिल असिस्टचा, म्हणजे चढावर गाडी मागे घसरू न देणाऱ्या सोयीचा, दिवा लागत होता आणि सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारा तो मेसेज तिने वाचला होता. मेसेज असा: दिवा लागला तर एबीएसचा फ्यूज काढा, ब्रेक तसेच लागतात. हिल असिस्ट असेल तर हँडब्रेकची गरज नाही. हिल असिस्टने क्लच जळतो. बॅटरीची वायर पंधरा मिनिटं काढली की बिघाड जातो.

आधी फ्यूजचं, कारण यात जीव जाऊ शकतो. हिल असिस्ट म्हणजे गाडीत वेगळं बसवलेलं यंत्र नाही. चढावर ब्रेकवरून पाय उचलला तरी प्रेशर दोन-तीन सेकंद धरून ठेवायचं काम एबीएस आणि ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) यांचं युनिटच करतं. फ्यूज काढला की एबीएस गेलं, ईएससी गेलं, पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेक वाटून देणारं ईबीडीसुद्धा गेलं. मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक झाली तर गाडी गर्रकन फिरते. गायमुखच्या उतारावर, पावसात, मागे कंटेनर असताना हे होऊ द्यायचंय का? बरं, दिवा तरी विझतो का? उलट युनिट बंद पडलं म्हणून एबीएस, ईएससी आणि ब्रेकचा लाल दिवा असे सगळेच लागतात. हाच लाल दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्यावर लागतो. तो कायमच पेटलेला असेल तर ऑइल गळतंय हे कळणार कधी? साधे ब्रेक लागतात, एवढंच त्या वाक्यात खरं आहे.

हँडब्रेकचं उत्तर मावशीनेच शोधलं. ग्लोव्ह बॉक्समधलं मॅन्युअल काढायला लावलं आणि फोनवर वाचून घेतलं: पकड सुमारे दोन सेकंद, पार्किंग ब्रेकऐवजी वापरू नका, ब्रेक दाबायची तयारी ठेवा. दोन सेकंदांच्या भरवशावर कोणी पोडियमच्या रॅम्पवर गाडी उभी करून उतरेल?

क्लच जळतो तो गाडी अर्ध्या क्लचवर तोलून धरल्याने. हिल असिस्ट गाडी ब्रेकवर धरतं.

बॅटरीच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, मान्य. बॅटरी कमजोर असेल तर व्होल्टेज पडून हे दिवे लागू शकतात आणि वायर काढल्यावर कधी कधी विझतातही. पण मूळ दोष असेल तर थोडं चालवल्यावर परत लागतात.

काल सकाळी गेलो. मावशीला ब्रेक दाबायला सांगून मागे उभा राहिलो. ब्रेक लाइट लागत होते, म्हणजे ब्रेक पेडलच्या स्विचवर फारसा संशय नाही. मग एबीएसच्या बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर असलेल्या मेकॅनिककडे नेली. साधे स्वस्त स्कॅनर बहुतेकदा फक्त इंजिनचे कोड दाखवतात, हे विचारून जा. कोड आला डाव्या मागच्या चाकाच्या स्पीड सेन्सरचा. गाडी उचलली तर सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली, बोटभर आवरण गेलेलं, आतलं तांबं हिरवट. वायर बदलली, कोड पुसला, दिवा गेला.

ग्रुपवर ज्या दोघांनी 'फ्यूज काढला' असं लिहिलंय, त्यांनी तो परत लावल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढू नका.