गरिबी ‘मनात’ असते, असे म्हणणाऱ्यांना

सध्या एक मजकूर फार फिरतो आहे. त्याचा आशय असा, की गरिबी खिशात नसते, मनात असते. आपले आजोबा दोन धोतरांवर आयुष्य काढूनही स्वतःला गरीब म्हणवत नव्हते, आणि आज स्मार्टफोन बाळगणारा माणूस शेजाऱ्याकडे पाहून रडतो. तेव्हा तुलना आणि लग्नकार्यातला दिखावा सोडा, गरिबी आपोआप जाईल. आपण गरीब आहोत ही जाणीव माणसाला चार लोकांत वावरतानाच होते, एवढे यात खरे आहे. पण म्हणून ती जाणीव खोटी ठरत नाही.

आधी आजोबांचे पाहू. 1972 च्या दुष्काळात चांगल्या खात्यापित्या घरांतल्या बायकाही खडी फोडायला गेल्या आणि सारा गावच कामावर असल्याने त्याची लाज कमी वाटली, हे त्या पिढीकडून अनेकांनी ऐकले आहे. लाज कमी झाली म्हणून भूक कमी झाली नव्हती. शिवाय, आजोबा कोणाचे? गावकीची कामे करून ज्यांना दारोदार भाकरी मागावी लागे, त्यांना त्यांची पायरी गावाने रोज उंबऱ्याबाहेर उभे करून दाखवली होती.

स्मार्टफोनचा मुद्दा तर टिकतच नाही. युरोपात रोजंदारीच्या मजुरालाही लिननच्या सदऱ्याशिवाय चारचौघांत जायची लाज वाटेल, असे अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथने 1776 साली लिहिले. म्हणजे गरजेची वस्तू कोणती, हे समाज ठरवतो. 2020 मध्ये शाळा फोनवर गेली, तेव्हा ज्या घरात फोन नव्हता त्या घरातले मूल वर्गाबाहेर राहिले. याला मत्सर म्हणणे अन्यायाचे आहे.

खरा प्रश्न लग्नकार्याचा आहे. मांडवात एक जण वही घेऊन बसतो आणि नाव, गाव, रक्कम लिहून घेतो. पुढे त्या घरी कार्य निघाले की वही उघडून आकडा पाहिला जातो आणि त्याहून कमी देणे बरे दिसत नाही. नापिकीच्या वर्षी एखादे घर तब्येतीचे कारण सांगून लग्न टाळते. अशी दोन-तीन कार्ये चुकली की पत्रिका यायच्या थांबतात, आणि पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी हातउसने मागायला एक दार कमी होते. सोयरिकीचे हे मोल संशोधनातही दिसले आहे. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या संस्थेने 1975 पासून सोलापूर व अकोला जिल्ह्यांतल्या गावांसह सहा गावांच्या नोंदी ठेवल्या. त्यांच्या आधारे रोझेनझ्वाइग आणि स्टार्क या अर्थशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये दाखवले, की ज्यांच्या सोयरिकी लांबच्या गावांत होत्या, त्यांचे पीक बुडाले तरी खाण्यापिण्यावरचा खर्च तितका ढासळत नव्हता, कारण पाऊस सगळीकडे एकदम दगा देत नाही. आहेर चुकलेल्या घराला आपण गरीब झालो असे वाटते, तेव्हा त्या घराने आपली परिस्थिती अचूक ओळखलेली असते.

कर्ज काढून हुंडा देण्याचे समर्थन मी मुळीच करत नाही. पण मुलीच्या बापाने एकट्याने नकार दिला तर स्थळ मोडते. भावकीने एकत्र बसून खर्चाला मर्यादा घातली तर कोणाचीच मान खाली जात नाही. ‘कृपया आहेर आणू नये’ ही ओळ पत्रिकेवर आधी छापायची ती गावातल्या मोठ्या घरांनी, कारण तसे केल्याने त्यांची पत कमी होत नाही.