तिला स्वतःची दहावी नाही का?

शाळेवरची कुठलीही मालिका लावा. हिरो नापास झाला, त्याची मैत्रीण धीर देणार. तो बापाशी भांडला, ती जिन्यात बसून ऐकणार. तो मॅच हरला, ही पाण्याची बाटली घेऊन उभी! अरे, हिची परीक्षा कधी असते? हिला गणित जड जात नाही? हिच्या घरी कधीच आदळआपट होत नाही?

नाशिकला संध्याकाळी सीबीएस बसस्थानकावर जाऊन बघा. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास दाखवून त्र्यंबकच्या एसटीत चढलेल्या, एका हाताने दांडी धरून विज्ञानाच्या व्याख्या पुटपुटणाऱ्या पोरी दिसतील. जागेवरून भांडतात, मैत्रिणीवर रुसतात, प्रेमातही पडतात. लेखकांनो, अख्ख्या सीझनमध्ये तिला एक तरी वाईट दिवस द्या! आणि त्या दिवशी तिची राहिलेली वही त्याला उतरवायला बसवा.