वाद कधीचा, ते आधी पाहा

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या लेखात ‘वाद दाखवला की दिवाळखोरीचा अर्ज फेटाळतात’ असं लिहून मी बुडव्यांना पळवाट शिकवली, असं तुम्ही म्हणता. बडोद्याजवळच्या मकरपुऱ्यात एका कंपनीकडे तुमच्या भावाचे मालाचे दीड कोटी अडकलेत, आणि नोटिशीला ‘माल खराब होता’ एवढंच उत्तर आलंय. तेवढ्यावर समोरचा सुटणार का?

नुसत्या तेवढ्यावर नाही. हे लेखातच स्पष्ट करायला हवं होतं, चूक माझी.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत पैसे थकवणाऱ्या कंपनीविरुद्ध अर्ज करण्याआधी माल पुरवणाऱ्याला कलम ८ ची, म्हणजे थकबाकी मागणारी, नोटीस देऊन १० दिवस थांबावं लागतं. समोरच्याचा वाद ती नोटीस मिळण्याआधीचा हवा. २०१७ च्या मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वादात कोण जिंकेल हे असे अर्ज ऐकणाऱ्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने ठरवायचं नाही. वाद पोकळ किंवा काल्पनिक नाही ना, एवढंच पाहायचं. म्हणून न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद खंडपीठापुढे (बडोद्याची प्रकरणं तिथेच जातात) सगळी ओढाताण तारखांवर होते. वाद आधीचा होता हे दाखवतात ते माल परत केल्याचं चलन, डेबिट नोट (बिलातून रक्कम वजा केल्याची चिठ्ठी), तक्रारीचा ई-मेल, आधीच चालू असलेला दावा. नोटीस मिळाल्यावर सुचलेली तक्रार त्यात बसत नाही. पण ‘पुढच्या लॉटमध्ये दुरुस्त करून देतो’ असं भावानेच कधी लिहून दिलं असेल, तर अर्ज टिकणं कठीण. त्यांचे जुने ई-मेल आजच चाळा.

बँकांना झुकतं माप मिळतं, हा तुमचा राग रास्त आहे. बँकेला कर्ज आणि थकबाकी दाखवली की बहुधा पुरतं, शिवाय कंपनीचं पुढे काय करायचं हे ठरवणाऱ्या कर्जदात्यांच्या समितीत मतही तिचंच. माल देणाऱ्याला बहुतेक वेळा मत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा भेद वैध ठरवला, तरी छोट्या कारखानदाराचं नुकसान पाहून मला तो खुपतोच. आणि १४ दिवसांत अर्जाचा निर्णय होतो, हे कागदावरचं वेळापत्रक मी जसंच्या तसं दिलं, तेही तुम्ही बरोबर पकडलंत. प्रत्यक्षात महिने जातात.

रक्कम एक कोटीच्या वर आहे, त्यामुळे अर्जासाठीच्या किमान रकमेची अडचण नाही. पण अर्ज फेटाळला तरी देणं बुडत नाही. भावाची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल, तर अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याखाली, थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाता येतं. तिथे मालाच्या दर्जाचा वादही ऐकला जातो, आणि उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं. निकाल भावाच्या बाजूने लागला, तर त्याला आव्हान देण्याआधी समोरच्याला ७५ टक्के रक्कम भरावी लागते. मला वाटतं, नोटिशीचं उत्तर वकिलाला दाखवताना हाही रस्ता विचारून घ्या.