दुसरी दोरी नाहीच! (एका प्रतिक्रियेला उत्तर)

“लेख अर्धवट आहे. रक्तवाहिनी आवळणारी नस सांगितलीत, सैल करणारी गाळलीत. गाडीला अ‍ॅक्सिलरेटर असतो तसा ब्रेकही असतोच की,” असं रक्तवाहिन्या आवळण्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत.

आधी माझी चूक. ‘सगळ्या रक्तवाहिन्या आवळतात’ असं मी सरसकट ठोकून दिलं होतं. केशवाहिन्यांच्या भिंतीत स्नायूच नसतो, त्या काय आवळणार! खरा खेळ त्यांच्या आधीच्या धमनिकांमध्ये, म्हणजे धमन्यांच्या बारीक फांद्यांमध्ये चालतो. शिवाय ‘नस’ म्हणून मीच घोळ घातला. आपण शिरेलाही नस म्हणतो आणि चेतातंतूलाही.

ब्रेकचा मुद्दा मात्र मान्य नाही. हृदयाला दोन प्रकारचे चेतातंतू जातात, अनुकंपी (सिम्पथेटिक) वेग वाढवतात, परानुकंपी (पॅरासिम्पथेटिक) कमी करतात. शाळेतलं ते चित्र आपण सगळीकडे लावतो. पण बहुतेक धमनिकांना चेतातंतूंची एकच, अनुकंपी दोरी असते आणि ती सदा थोडी ताणलेली असते. तुम्ही निवांत पेपर वाचत असलात तरी तिच्यातून सेकंदाला एखाददुसरा संदेश येतो, टोकाशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे आवळायला लावणारं रसायन सुटतं. संदेश वाढले की धमनिका आवळते, घटले की रुंदावते.

फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी 1851 मध्ये सशाच्या मानेतला अनुकंपी चेतातंतू कापला. त्या बाजूचा कान लालबुंद झाला, हाताला चक्क गरम लागू लागला. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार या दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तुटलेल्या तंतूच्या कानाकडच्या टोकाला वीज दिली, तर कान फिका आणि गार! म्हणजे कान लाल झाला तेव्हा रुंद करायला कुणी आलं नव्हतं, आवळणारा तेवढा गेला होता.

लाळग्रंथी आणि जननेंद्रियं हे अपवाद, तिथे परानुकंपी तंतू वाहिन्या रुंदावतात. पळताना मांडीतल्या वाहिन्या रुंदावतात त्या बऱ्याचशा स्नायूंतल्याच रसायनांमुळे.

तुमच्या वडिलांना प्रोस्टेटची गोळी सुरू झाल्यापासून उठताना चक्कर येते, असंही लिहिलंत. उभं राहिलं की अर्धा लिटरभर रक्त खाली उतरतं. मानेतल्या धमनीतले दाबमापक घसरलेला दाब टिपतात, दोरी ताणली जाते आणि धमनिका आवळून दाब सावरतो. प्रोस्टेटच्या काही गोळ्या नॉरअ‍ॅड्रेनॅलिनची धमनिकेवरची जागाच अडवतात. संदेश येतो, ऐकणारं कुणी नसतं; मग दाब पडतो आणि चक्कर येते. गोळी परस्पर बंद करू नका, पण चक्करेचं डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा. तोवर पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून मग उठू दे त्यांना.