जीन्सची पिशवी म्हणजे पक्ष्याचा प्रवासी पिंजरा नव्हे

ठाणे आणि नवी मुंबईत पक्षी पाळणाऱ्यांमध्ये सध्या एक संदेश हातोहात पुढे जातो आहे. जुन्या जीन्सचा पाय कापावा, एका बाजूला मच्छरदाणीचा तुकडा शिवावा, वर चेन लावावी, की बजी किंवा कॉकटील असा छोटा पाळीव पोपट नेण्याची पिशवी तासाभरात तयार होते, असा त्याचा आशय आहे. पिशवी मऊ असल्याने पक्ष्याला इजा होत नाही, जाळीतून हवा भरपूर मिळते, अंधारात पक्षी शांत बसतो, जुने कापड धुऊन निर्धोक झालेले असते, आणि म्हणून ही पिशवी पिंजऱ्याहून सुरक्षित असते, असे त्यात ओळीने सांगितले आहे. घरी शिवण्याला माझा विरोध नाही. दुकानांत मिळणारे बरेचसे कॅरियर मांजर-कुत्र्यांच्या मापाचे असतात, त्यामुळे ज्याच्या घरी शिलाई मशीन आहे त्याने आपल्या पक्ष्याच्या मापाचे साधन स्वतः करावे, हे योग्यच आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की कापड हे बाहेरचे आवरण असू शकते, पक्ष्याभोवतीची भिंत असू शकत नाही.

या संदेशातला सर्वांत घातक दावा मऊपणाचा आहे. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. त्याच्या छातीचे हाड खाली-वर होते, त्या हालचालीने शरीरातल्या हवेच्या पिशव्या भरतात आणि रिकाम्या होतात, आणि त्यांच्यामुळेच फुप्फुसांतून हवा वाहत राहते. म्हणून चोच आणि नाकपुड्या पूर्ण मोकळ्या असल्या, तरी छाती दाबली गेली की पक्षी गुदमरतो. सकाळच्या गर्दीत ठाण्याहून वाशीकडे निघालेल्या लोकलमध्ये मांडीवरच्या पिशवीवर शेजाऱ्याचे कोपर टेकले, किंवा रिक्षाने खड्ड्यात आदळून सामान एकमेकांवर सरकले, तर जीन्सचे कापड तो दाब अडवत नाही, आतल्या शंभर ग्रॅमच्या जिवापर्यंत तसाच पोहोचवते. हा पक्षी कळवळून ओरडेलच असेही नाही, कारण ओरडायलाही हवा लागते. त्यामुळे आतला सांगाडा कडक हवा. झाकणाची जाड प्लास्टिकची पेटी घेऊन तिच्या समोरासमोरच्या दोन बाजू कापाव्यात, तिथे स्टेनलेस स्टीलची जाळी आतून पक्की बसवावी, कापलेल्या कडा घासून घ्याव्यात, आणि मग त्या पेटीला बाहेरून सुती खोळ शिवावी. शिवणाऱ्याचे सारे कौशल्य या खोळीत दाखवता येते: बंद, कप्पे, खांद्याचा पट्टा, गाडीचा सीटबेल्ट ओवायची पट्टी.

मच्छरदाणीतून हवा येते, हे खरे. पण एकाच बाजूला खिडकी असेल तर हवा आरपार वाहत नाही. आपल्याकडच्या हवेत हा फरक मोठा ठरतो. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. ते धापा टाकून, म्हणजे तोंडातले आणि श्वासमार्गातले पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकून अंग थंड ठेवतात. मे महिन्याच्या दमट दुपारी घोडबंदर रोडवर वाहने खोळंबली की ही वाफ होण्याची क्रियाच मंदावते. पक्षी चोच उघडी ठेवून पंख अंगापासून दूर धरू लागला, तर तो तापला आहे असे समजावे. शिवाय नायलॉनची मच्छरदाणी चोचीपुढे टिकत नाही.

चोचीची ही ताकद संदेश लिहिणाऱ्याने विचारात घेतलेली दिसत नाही. कॉकटीलला शिवणीजवळ बसलेले नीट पाहावे. तो आधी जिभेने टीप चाचपतो, मग चोचीच्या टोकाने दोऱ्याचा एक फेर उचलतो आणि मान मागे घेऊन तो उसवत नेतो. सुटलेला दोरा गिळला गेला तर अन्नपिशवीत त्याचा गुंता होतो. बोटाभोवती गुंडाळला गेला, तर पक्षी पाय ओढत राहतो, प्रत्येक ओढीबरोबर फास आवळत जातो, आणि रक्तपुरवठा तुटून ते बोट गमावण्याची वेळ येते. आत एकही टीप, पाइपिंग किंवा दोऱ्याचे टोक पोहोचता कामा नये. याच कारणाने तळाला टर्किश टॉवेलही नको, कारण त्याच्या फासांत नखे अडकतात. साधा कागद पुरेसा आहे.

जुने कापड निर्धोक असते, हा दावा तर घरातल्या ट्रंकेपाशीच कोसळतो. आपण जुने कपडे डांबराच्या गोळ्या घालून ठेवतो, त्या नॅप्थलीनचा वास धुण्याने सहज जात नाही, आणि पक्ष्यांची श्वसनसंस्था अशा वाफांबाबत माणसाहून कितीतरी नाजूक असते. जीन्सची चेन बहुधा पितळेची असते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, आणि जस्त पोटात गेले की पक्ष्याला विषबाधा होते. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली जाळी टाळायची तीही याच कारणाने. खोळीला बंद किंवा वेल्क्रो बाहेरच्या बाजूने लावावे.

अंधाराविषयीचा दावा अर्धा खरा आहे. अर्धवट झाकल्याने बरेच पक्षी स्थिरावतात, परंतु कॉकटील पूर्ण काळोखात अचानक हादरला की जिवाच्या आकांताने फडफडतो. रात्रीच्या अशा घाबरण्याबद्दल हा पक्षी पाळणाऱ्यांत प्रसिद्धच आहे. तेव्हा खोळीला गुंडाळता येईल असा पडदा शिवावा, समोरची बाजू थोडी उघडी ठेवावी आणि बसायची काठी तळापासून दोन-तीन बोटांवरच बसवावी, म्हणजे ब्रेक लागल्यावर पक्षी उंचावरून पडणार नाही.

सुरक्षेसाठी पायाला दोरी बांधा, अशीही एक ओळ संदेशाच्या शेवटी आहे. ती कोणीही पाळू नये. घाबरून उसळलेल्या पक्ष्याचा पाय त्या एका हिसक्यात मोडू शकतो.

हे सारे बजी, कॉकटील, लव्हबर्ड यांच्यापुरते आहे. आपला देशी हिरवा पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे. तो जखमी सापडला तर भोके पाडलेल्या खोक्यात ठेवून वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

राहता राहिले तासाभरात शिवून लगेच निघण्याचे. नव्या सुती कापडाची खळ आधी धुऊन काढावी लागते. त्यानंतर पेटी दार उघडे ठेवून पिंजऱ्याशेजारी काही दिवस तशीच राहू द्यावी, आत राळ्याचे कणीस टांगावे आणि पक्ष्याला आपणहून आत-बाहेर करू द्यावे. पहिली फेरी सोसायटीच्या आवारापुरती असावी. पाण्याची वाटी सांडून पिसे भिजतात, म्हणून वाटेत काकडीची फोड द्यावी आणि पाणी गाडी थांबल्यावर दाखवावे.