ड्युरँट विकला म्हणजे हरायला बसलो असं नाही भो

भाऊ, तुमची कमेंट नीट दोनदा वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, आपली फँटसी बास्केटबॉल लीग आहे, म्हणजे जो तो एनबीएच्या (अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) खऱ्या खेळाडूंची टीम धरतो आणि त्यांच्या खऱ्या मॅचचे आकडे नऊ कॅटेगरीत मोजून हार-जीत ठरते. भाऊंचं म्हणणं असं की मी डिसेंबर 2024 मध्ये केव्हिन ड्युरँट आणि जेम्स हार्डन हे दोन जुने स्टार विकून पोरंसोरं आणि पिक (पुढच्या ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडायचे नंबर) गोळा केले, हा रीबिल्ड (टीम नव्याने उभी करणं) नाही तर मुद्दाम हरणं आहे, त्याने आपल्या भुसावळ-जळगावच्या बारा जणांच्या लीगची मजा गेली, वरून फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) कॅटेगरी सोडून द्यायचा सल्ला मी नव्या पोरांना देतो तो चुकीचा, आणि हे सगळं शेवटी सट्टाच. कमेंट कडक आहे पण मुद्द्याची आहे, म्हणून उत्तर पण मोठं देतोय.

सट्ट्याचं आधी संपवतो. आपल्या लीगमध्ये एक रुपया लागत नाही, कधीच लागला नाही. पैशाच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 मध्ये कायदा आला, मोठमोठ्या अ‍ॅपनी पैशाच्या कॉन्टेस्ट बंद केल्या, त्यात आपलं काहीच बंद झालं नाही कारण बंद व्हायला काही नव्हतंच.

आता ड्युरँट. तुम्ही लिहिलं की हार्डन त्या सिझनला ऑल एनबीए थर्ड टीममध्ये (म्हणजे सिझनच्या सर्वोत्तम पंधरा जणांत) आला आणि मी त्याला विकून बसलो. बरोबर, आला. पण भो, मी तेव्हा अकराव्या नंबरला होतो. हार्डन ठेवला असता तर फार तर नववा आलो असतो, प्लेऑफ तरी लांबच. ड्युरँट 1988 चा, हार्डन 1989 चा, दोघं तेव्हा जोरात खेळत होते आणि विकायची वेळ तीच असते, खेळाडू पडल्यावर त्याला कोण घेतो? त्यांची खरी किंमत पहिल्या-दुसऱ्या नंबरवाल्याला होती, त्याला याच वर्षी ट्रॉफी पाहिजे होती, मला दोन वर्षांनंतरची टीम पाहिजे होती, दोघांनी आपापल्या गरजेने सौदा केला यात लीगचं काय बिघडलं. ड्युरँटच्या बदल्यात एक पिक आणि अमेन थॉम्पसन आला, जो तेव्हा 21 वर्षांचा होता आणि सिझन संपता संपता ऑल डिफेन्सिव्ह फर्स्ट टीममध्ये (सिझनचे सर्वोत्तम पाच बचाव करणारे) जाऊन बसला. (आणि 2025 ला ड्युरँटच ह्यूस्टनला आला, अमेनच्या टीममध्ये!)

मुद्दाम हरण्याबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचंय, कारण हा आरोप मला लागला. मुद्दाम हरून काही मिळत असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी खऱ्या एनबीएकडे बघावं. 2019 ला लॉटरीचा (ड्राफ्टमध्ये आधी कोणी निवडायचं ते ठरवणारी सोडत) नियम बदलला आणि सगळ्यात खालच्या तिन्ही टीमना पहिल्या पिकचा चान्स सारखाच झाला, 14 टक्के. डेट्रॉइट 2023-24 मध्ये 14-68 ने (14 जिंकले, 68 हरले) शेवटचे आले, मधे सलग 28 मॅच हरले, आणि लॉटरीत पाचवे गेले. पुढच्या वर्षी यूटा 17-65, शेवटचे, ते पण पाचवे. आणि त्या वर्षीचा पहिला पिक, कूपर फ्लॅग, कोणाला मिळाला, डॅलसला, ज्यांचा चान्स 1.8 टक्के होता. मग डेट्रॉइट पुढच्याच वर्षी 44-38 कसे झाले? त्या वर्षी हरून मिळालेल्या पिकमुळे नाही. त्यांचा तरुण स्टार केड कनिंगहॅम तोच होता, नवा कोच आणला आणि केडच्या आजूबाजूला टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर असे अनुभवी आणि शूटिंग करणारे लोक आणून ठेवले. रीबिल्ड म्हणजे मी हेच समजतो, आधी तरुण एक पक्का धरायचा, मग त्याला काय लागतं ते बघून बाकीचं भरायचं.

ओक्लाहोमा सिटी टीमचं उदाहरण सगळे देतात पण अर्धंच देतात. जुलै 2019 मध्ये त्यांनी आपला स्टार पॉल जॉर्ज क्लिपर्स टीमला दिला तेव्हा चर्चा सगळी पिकच्या ढिगाची होती, आणि त्याच सौद्यात शे गिल्जस-अलेक्झांडर आला होता, एकच सिझन खेळलेला, अ‍ॅव्हरेज 10.8 पॉइंट. त्याच पिकपैकी एकातून 2022 ला बाराव्या नंबरवर जेलन विल्यम्स घेतला. मधली दोन वर्षं 22-50 आणि 24-58 अशी गेली, आणि 2025 ला शे एमव्हीपी (सिझनचा सर्वोत्तम खेळाडू) आणि टीम चॅम्पियन. म्हणून मी सौद्यात पिकच्या आधी पोरगा मागतो, पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा, ज्याला समोरचा अजून नीट ओळखत नाही. पिक म्हणजे पुढे कधीतरी कोणीतरी, पोरगा समोर खेळताना दिसतो.

पण पोरं नुसती साठवायची पण नाहीत. तुम्ही रावेरचे, तुम्हाला काय सांगायचं, केळीच्या बुंध्याशी पाच-सात पिलं येतात, सगळी ठेवली तर घड धड येतो का? एक जोमदार ठेवून बाकीची कापावीच लागतात. रोस्टरमध्ये जागा मोजक्या, आठ-आठ प्रॉस्पेक्ट (पुढे चमकतील अशा आशेची पोरं) धरून बसलेले आपल्याच लीगमध्ये आहेत आणि दर वर्षी त्यांचा रीबिल्ड 'चालूच' असतो. आणि सगळं ट्रेडनेच होतं असंही नाही, वेव्हरवर (कोणाच्याच टीममध्ये नसलेल्या खेळाडूंची यादी) नावं बघू नका, कोणाची मिनिटं वाढणार आहेत ते बघा. डायसन डॅनियल्स न्यू ऑर्लिन्सला होता तेव्हाही बॉल काढून घ्यायचाच, पण मिनिटं कमी होती, 2024 ला अटलांटाने त्याला घेऊन मैदानावर ठेवला आणि सिझनचं अ‍ॅव्हरेज गेलं मॅचमागे 3 स्टील (काढून घेतलेले बॉल), सगळ्यात सुधारलेल्या खेळाडूचा मोस्ट इम्प्रूव्ह्ड पुरस्कार पण त्यालाच. तसला एक खेळाडू स्टीलची अख्खी कॅटेगरी तुमच्याकडे ओढतो.

फ्री थ्रोचं गणित करून दाखवतो, मग पटतं का बघा. समजा बाकी टीमने 40 मारले, 34 आत गेले, 85 टक्के. आता फ्री थ्रोत कच्चा, यानिससारखा एक जण आला ज्याने 10 मारले आणि 6 आत गेले, झाले 50 पैकी 40, म्हणजे 80 टक्के, एका माणसाने पाच टक्के खाली. ही कॅटेगरी तिथेच गेली. मग तिला वाचवायला धडपडण्यापेक्षा अजून एक रूडी गोबेअरसारखा सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) घेतला तर नुकसान नवं काहीच नाही आणि ब्लॉक, रिबाउंड, फील्ड गोल टक्केवारी या तीन कॅटेगरी हातात येतात. नऊपैकी पाच जिंकायच्या आहेत, नऊच्या नऊ नाही. हां, नव्या पोरांना मी एवढं सांगेन की रीबिल्डच्या पहिल्या वर्षी पंट (कुठली कॅटेगरी मुद्दाम सोडायची ते) ठरवू नका, आधी ज्याच्यात जास्त दम आहे तो घ्या, टीम कुठे झुकते ते सहा महिन्यांत कळतं.

एका गोष्टीवर मी तुमच्यासोबत शंभर टक्के आहे. जखमी खेळाडू लाइनअपमध्ये तसेच ठेवणारा, चार-चार जागा रिकाम्या सोडणारा मॅनेजर लीगमध्ये नको. थंडीत पहिली मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला, तरी मी अकराव्या नंबरवर असताना शेवटच्या आठवड्यापर्यंत रोज लाइनअप लावून झोपलो, कारण माझ्याशी कोण हरतो-जिंकतो यावर दुसऱ्या कोणाचा प्लेऑफ ठरणार असतो. अ‍ॅपमध्ये जाऊन रेकॉर्ड बघा, सगळं दिसतं.

म्हणून ड्राफ्टच्या आधी मी ग्रुपवर एक प्रस्ताव टाकतोय. प्लेऑफला न गेलेल्यांची आपसात कन्सोलेशन स्पर्धा होऊ द्या आणि ती जो जिंकेल त्याला पुढच्या वर्षीचा पहिला पिक. शेवटचा येणाऱ्याला शेवटचं आल्याचं काही मिळायलाच नको, आणि मार्चमध्ये पण सगळे जीव लावून खेळतील. आठ मतं लागतात, माझ्याकडे सध्या सहा आहेत. तुमचं मत कुठे जाणार ते सांगा, आणि तुमच्या टीममध्ये तीन सेंटर पडून आहेत, त्यातला एक द्यायचा असेल तर मला फोन करा.